सील तीनदा बदललं, तरी तेल येतंच होतं

आजचा भाग हाताला काळं लावणारा आहे. ना कोड, ना इंटरव्ह्यू टिप्स. एसटीत हेडफोन लावून बसला असाल तर निवांत ऐका. गाडीखाली झोपून ऐकत असाल, तर आधी घोडी नीट लागलीय ना ते बघा, मग पुढे ऐका.

विषय आहे जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपच्या मागच्या ॲक्सलचं ऑइल सील. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर एक काळपट ओली रेघ दिसते आणि लोक म्हणतात, "जीप आहे, गळणारच." इंजिनखाली थेंब पडला तर मीही एखाद वेळेस हे वाक्य ऐकून घेईन. पण मागच्या चाकातून गळणारं गिअर ऑइल जमिनीवर पडायच्या आधी कुठून जातं? ब्रेक ड्रममधून. म्हणजे ज्या लायनरने घासून गाडी थांबवायची, त्यालाच आपण तेल पाजतोय.

आमची गाडी महिंद्राची एमएम ५४०, प्यूजो डिझेल इंजिनवाली, नव्वदच्या दशकातली. घर पाथर्डी तालुक्यात. नगरला जायचं म्हणजे करंजी घाट आलाच. (अहिल्यानगर हे आता अधिकृत नाव आहे, पण आमच्याकडे एसटीच्या रांगेत अजून सगळे "नगर"च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.) जीप चालवतात अण्णा, म्हणजे माझे वडील. मी पुण्यात, शनिवार-रविवारचा पाहुणा. आजीला दवाखान्यात न्यायचं असो, शेजारच्यांना मढीच्या यात्रेला सोडायचं असो, वस्तीवरची ही एकच चारचाकी. अण्णा फोनवर म्हणाले, "घाटात ब्रेक दाबला की गाडीची शेपूट हलतीय." मागचं उजवं चाक आधी धरायचं आणि डावं नुसतं फिरत राहायचं. मागे आठ माणसं बसलेली असताना हे ऐकायला बरं वाटत नाही.

नगर जिल्ह्याला अशा गाड्यांचं वावडं नाही, हे सांगायला हवं. शहरात आर्मर्ड कोअरचं सेंटर अँड स्कूल आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि लष्करी वाहनांवर संशोधन आणि चाचण्या करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्थाही इथलीच. लिलावातून आलेल्या जुन्या लष्करी गाड्या, काळी-पिवळी म्हणून राबलेल्या कमांडर, शेतावर ट्रेलर ओढणाऱ्या जीपा, हे सगळं आम्ही लहानपणापासून बघतोय. आणि त्यांच्या पोटातला सांगाडा एकाच घराण्यातला आहे. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्या जीपच्या ॲक्सलची रचना पुढे कितीतरी वर्षं थोड्याफार फरकाने चालत राहिली. त्यामुळे आज इंटरनेटवर एखाद्या अमेरिकन आजोबांच्या १९५० च्या विलीजचं मॅन्युअल सापडलं, तर पाथर्डीतल्या जीपला त्यातलं बरंच लागू पडतं. मला हे फार भारी वाटतं. आमच्या क्षेत्रात पाच वर्षांपूर्वीचं डॉक्युमेंटेशनसुद्धा चालत नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्या जीपचं हे डावं सील दीड वर्षात तीनदा बदलून झालं होतं. रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये, तासाभरात, स्वस्तात. दर वेळी दोन-तीन महिने कोरडं, मग परत ओलं. एकच बग तीनदा बंद करून तीनदा परत उघडतोय, याचा अर्थ बहुतेक वेळा पॅच चुकीच्या फाइलमध्ये मारला जातोय. इथेही तेच निघालं, फक्त फाइलच्या जागी भोक होतं. दोन भोकं.

पहिलं काम, गळतंय ते नक्की काय हे ठरवणं. ड्रममध्ये दोन प्रकारचा ओलावा येऊ शकतो. व्हील सिलेंडर फुटला असेल तर ब्रेक फ्लुइड, आणि सील गेलं असेल तर गिअर ऑइल. दोन्ही धुळीत मिसळली की सारखीच काळी दिसतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र, सडका वास असतो, एकदा घेतला की जन्मभर विसरत नाही. मग तो थेंब पाण्याच्या वाटीत टाका. नेहमीचं ब्रेक फ्लुइड पाण्यात विरघळतं, गिअर ऑइल वर तरंगतं. आमचं तरंगलं. ब्रेकच्या डबीतली पातळीही उतरलेली नव्हती.

आता रचना समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. डिफरन्शियलपासून चाकापर्यंत एक नळी येते, तिच्या आतून ॲक्सलचा रॉड येतो. नळीच्या टोकाला बेअरिंग. आमच्या प्रकारच्या ॲक्सलमध्ये या बेअरिंगला ग्रीस असतं, डिफचं तेल नव्हे. म्हणून सीलं दोन. एक आतलं, बेअरिंगच्या पलीकडे नळीत बसलेलं. ते डिफचं तेल बेअरिंगकडे येऊ देत नाही. दुसरं बाहेरचं, बेअरिंग आणि ब्रेक यांच्यामध्ये. ते ग्रीस ब्रेकवर जाऊ देत नाही आणि धूळ आत येऊ देत नाही.

बाहेरचं सील बदलायला फक्त हब काढावा लागतो. आतल्या सीलसाठी रॉड ओढून काढावा लागतो, बॅक प्लेट सोडावी लागते, ब्रेकचा पाइप उघडावा लागतो, नंतर ब्रेकमधली हवा काढावी लागते. तासाभरात होणारं काम कोणतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिन्ही वेळा फक्त बाहेरचं सील बदललं होतं. आतलं सील गेलेलं तसंच. डिफचं पातळ तेल बेअरिंगमध्ये यायचं, ग्रीस धुऊन काढायचं, आणि दोन-तीन महिन्यांत बाहेरच्या नव्या सीलच्या कडेने ब्रेकवर उतरायचं. गॅरेजवाल्याला मी शिव्या देणार नाही. गिऱ्हाईक म्हणतं "लवकर करा, यात्रेला जायचंय", आणि तासाभराचेच पैसे देतं. मग काम तासाभराचंच होणार.

तर आम्ही घरीच करायचं ठरवलं. मी, अण्णा, आणि नाना. नाना म्हणजे माझे मामा, आयुष्यभर ट्रॅक्टरची कामं केलेला माणूस. अंगणातली सपाट जागा बघितली. इथे एक गोष्ट नीट ऐका. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. दोन्ही चाकं जमिनीवर असतील तर तो गाडी धरतो. पण एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियल आपलं काम करतं, उचललेलं चाक मोकळं उलटं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून सरकते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी मोठे दगड. आणि जॅकवर विसंबून गाडीखाली कोणीही जायचं नाही. ॲक्सलखाली घोडी लागल्यावरच. नानांनी घोडी लावून गाडीला खांद्याने तीन धक्के मारून बघितले, मगच मला खाली जाऊ दिलं.

आणखी एक. जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात. जोर लावून नट सुटत नसेल, तर पान्ह्याला पाइप लावण्याआधी आटे बघा. बोल्ट तुटला की दिवस गेला.

ॲक्सलच्या टोकाचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करायचा, कोणीतरी ब्रेक दाबून बसलेलं असताना. त्यानंतर हब. हा हब निमुळत्या टोकावर घट्ट रुतलेला असतो, मध्ये एक छोटी चावी. हाताने येत नाही, हातोडीने येत नाही, आणि हातोडीने आणायचाही नाही. रॉडच्या तोंडावर घण घातला तर आटे चेपतात आणि तो मार सरळ डिफच्या मध्यापर्यंत जातो. पाहिजे पुलर. आम्ही नगरला एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या मित्राकडून जाडजूड पुलर आणला. पुलर लावताना मोठा नट पूर्ण काढू नका, टोकाशी दोन-चार आट्यांवर ठेवा. कारण हब सुटतो तेव्हा हळू सुटत नाही. बंदुकीसारखा आवाज होतो आणि वीस-एक किलोचं लोखंड उडी मारतं. नट असला तर ते तिथेच अडकतं, नसला तर कोणाच्या तरी नडगीवर येतं. आमचा हब ताण देऊन ठेवला होता. चहा प्यायला उठलो आणि मागून धाड! आजी घरातून ओरडली, "टायर फुटला काय रे?"

ड्रम उघडल्यावरचं दृश्य वर्णन करण्यासारखं नाही. लायनर काळेकुट्ट, तेलाने चपचपीत. अण्णा म्हणाले, पेट्रोलने धुऊन घेऊ, चांगली जाडी शिल्लक आहे. हा वाद आमच्यात अर्धा तास चालला. लायनरने तेल आतपर्यंत प्यायलेलं असतं. वरून धुतलं की कोरडं दिसतं, पण घाटात तापलं की आतलं तेल परत पृष्ठभागावर येतं. म्हणजे अंगणात ब्रेक लागणार आणि घाटात नाही. शेवटी नवीन लायनर आणायचं ठरलं, आणि तेही दोन्ही चाकांना. एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला जुनं ठेवलं की गाडी पुन्हा एकीकडे ओढणार. हो, आणि ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

बॅक प्लेटचे बोल्ट सोडले की तिच्यामागे पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, शिम. त्या कचरा समजून बाजूला फेकल्या जातात. फेकू नका. रॉडने आत-बाहेर किती हलायचं हे त्या चकत्या ठरवतात. मुद्दाम ठेवलेली ही ढिलाई मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासची असते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. कमी झाली तर बेअरिंग जळतं, जास्त झाली तर रॉड हलत राहतो आणि सीलचा ओठ त्याच्यासोबत घासत राहतो. मी काढल्या त्या क्रमाने फोटो काढले आणि चकत्या तारेत ओवून ठेवल्या.

रॉड बाहेर आला तो बेअरिंगसकट. यासाठी झटक्याचा पुलर लागतो. दांड्यावर सरकणारं वजन असतं, ते मागे आपटत राहायचं. बेअरिंगमध्ये ग्रीसचा मागमूस नव्हता, नुसतं तेल. रोलर मात्र गुळगुळीत, नशीब. बेअरिंगमध्ये खडखड किंवा खड्डे असते तर सील बदलण्यात अर्थच नव्हता, कारण डुगडुगणाऱ्या रॉडवर कुठलंच सील टिकत नाही.

मग रॉडवर सील बसतं त्या जागेवरून नख फिरवलं. रबरासारखा मऊ पदार्थ पोलादाला कसा काय झिजवतो, हा प्रश्न मला कायम पडायचा. उत्तर धुळीत आहे. ओठाखाली बारीक कण अडकतात आणि वर्षानुवर्षं पॉलिश पेपरचं काम करतात. रॉडवर एक वळी पडते. नख त्यात अडकलं, तर नवं सील त्याच वळीवर बसून परत गळणार. मोठी वळी असेल तर रॉडवर पातळ पोलादी बाही चढवून मिळते. आमची वळी अगदी हलकी होती. नानांनी नवं सील दीड-दोन मिलिमीटर वेगळ्या खोलीवर बसवलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर आला. हे त्यांना कोणी शिकवलं, विचारलं तर म्हणाले, "पंपाच्या सीलने."

सील आणताना जुनं सोबत न्या. त्याच्या कडेवर आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. माळीवाड्याला उतरून बेअरिंगच्या दुकानात ते आकडे दाखवले, पाच मिनिटांत मिळालं. "जीपचं द्या" म्हणालो असतो तर दुकानदाराने तीन प्रकार समोर ठेवले असते. दोन्ही सीलं मिळून खर्च एका पिझ्झ्यापेक्षा कमी.

बसवताना ओठाची स्प्रिंग दिसते ती बाजू ज्याला अडवायचंय त्याच्याकडे. आतल्या सीलला डिफकडे, बाहेरच्याला बेअरिंगकडे. ओठाला आधी तेल लावा, कोरडं सील पहिल्या किलोमीटरलाच भाजतं. ठोकायला सीलच्या व्यासाचा पाइपचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी सारखं आत जाऊ द्या. आणि रॉड परत घालताना त्याचे दाते नव्या ओठावर टेकवू नका, तळहाताने उचलून धरून आत सरकवा. इथे घाई केली तर सगळी मेहनत एका ओरखड्यात जाते. मग बेअरिंगमध्ये ग्रीस चांगलं दाबून, चकत्या त्याच क्रमाने, मित्राच्या डायल गेजने ढिलाई तपासली, बॅक प्लेट, हब, नट. हा नट फार घट्ट लागतो, विलीजच्या मॅन्युअलप्रमाणे दोनशे न्यूटन-मीटरच्या वर. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर पुढच्या भोकापर्यंत आवळायचं, मागे कधीच सोडायचं नाही.

पण दुसरं भोक राहिलं ना. आतलं सील मुळात गेलं का?

ॲक्सलच्या नळीवर वर एक बोटभर टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. डिफला श्वास घ्यायला. आमच्या ब्रीदरवर चिखल, तेल आणि काळ्या मातीचा असा लेप बसला होता की ती टोपी आहे हेच अण्णांना माहीत नव्हतं. आता गणित बघा, बारावीचं आहे. सकाळी आतली हवा २५ अंशांवर. घाट चढून ॲक्सल तापला, धरा ७५ अंश. केल्व्हिनमध्ये २९८ वरून ३४८. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर दाब साधारण १७ टक्के वाढतो. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर सीलच्या मागे पाच-साडेपाच फूट पाणी उभं केल्यासारखं. साधं ओठाचं सील तेल अडवायला बनवलेलं असतं, रोज असा दाब पेलायला नाही. मग तेल सर्वात कमजोर जागेतून निघतं. आणि गरम ॲक्सल ओढ्याच्या पाण्यात उतरला की उलटं होतं. आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढते. गिअर ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर हेच झालंय असं समजा.

आम्ही ब्रीदर काढून डिझेलमध्ये भिजवला, तारेने मोकळा केला, आणि त्याला रबरी नळी लावून तिचं तोंड वर सीटखालच्या पत्र्यापर्यंत नेऊन बांधलं. खोल पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांना हीच पद्धत वापरतात.

डाव्याच बाजूला का, याचंही उत्तर सापडलं. आमची जीप रोज रात्री गोठ्याच्या कडेला उभी असते, तिथे जमीन डावीकडे उतरती. त्यात डिफमध्ये तेल जास्त भरलेलं. भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल असावं, गाडी सपाट जागेवर असताना. आमचा बोल्ट सोडताच अर्धा मग तेल बाहेर आलं. गळतंय म्हणून कोणीतरी दर वेळी "थोडं जास्तच टाका" म्हणत होतं. ते कोणीतरी म्हणजे अण्णा, हे त्यांनी हसत कबूल केलं.

ब्रेकमधली हवा काढायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी आधी मोकळ्या रस्त्यावर, मग रिकामी जीप घेऊन करंजी घाट, एकदा वर, एकदा खाली. खाली आल्यावर दोन्ही मागच्या ड्रमांना लांबून हात लावून बघितला, दोन्ही सारखेच गरम. अण्णा म्हणाले, "शेपूट गप झाली." पाचशे किलोमीटरनंतर मी परत ड्रम उघडला. लायनर कोरडे, बॅक प्लेट कोरडी, टायरवर नुसती धूळ.

तुमच्याकडे कमांडर, आर्मडा किंवा दुसरी काही असेल तर रचना वेगळी असू शकते. काही ॲक्सलमध्ये बेअरिंग डिफच्याच तेलावर चालतं आणि सील एकच असतं. उघडण्याआधी बघा. पण ब्रीदर सगळ्यांना असतो, आणि तो बघायला पान्हा लागत नाही.

पुढच्या ॲक्सलच्या गोळ्या, म्हणजे स्टिअरिंगच्या जवळचे ते लोखंडी चेंडू, त्यांच्या सीलचं प्रकरण अजून बाकी आहे. तिथे नमदा आहे, रबर आहे, आणि आमच्याकडे सध्या तिथूनही ग्रीस दिसतंय. नानांनी दिवाळीनंतरचा शनिवार दिलाय. तो भाग गाडीखालूनच रेकॉर्ड करायचा विचार आहे, आवाज जरा घुमला तर सांभाळून घ्या.